पाठमोरी पन्नास मीटर

"त्या पाटीवर काय लिहिलंय, वाचता का जरा?"

"पाण्यात उतरू नये."

"आणि हा पाय कुठंय?"

"पाण्यात."

"मग पाय तुमचा नाही का? शेजाऱ्यांकडून आणलाय?"

माणूस ओशाळून पाय काढून घेतो, त्याची बायको तोंड फिरवून हसते, आणि माझी मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. सीझनमध्ये हा प्रवेश दिवसातून पाच-सहा वेळा तरी होतो. माणसं बदलतात, मावशीची वाक्यं तीच.

डोंगरातल्या एका छोट्या तळ्याची ती राखणदार आहे. खालून येणारा रस्ता वळणं घेत घेत जिथे दमून थांबतो, तिथे हे तळं. काठावर चौदा तंबूंच्या जागा, एक लाकडी धक्का, सहा होड्या, पत्र्याच्या छपराची आणि विटांच्या धुराड्याची एक केबिन. लोक येतात, तंबू ठोकतात, गळ टाकतात, मासा लागो न लागो दोन दिवस बसतात आणि जाताना "पुन्हा येऊ हं" म्हणतात. त्यातले बरेच खरंच येतात.

केबिनच्या पुढच्या अर्ध्या भागात कचेरी, मागच्या अर्ध्यात मावशी आणि काका. दोघांची कामाची वाटणी लग्नाइतकीच जुनी. पाणी तिचं, जमीन त्यांची. चुली, नळ, संडास, सरपण, तंबूंच्या दोऱ्या सगळं काकांकडे. होडीत पाय ठेवायचा म्हटलं की काका दोन पावलं मागे सरकतात. तळ्याकडे ते शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघतात. चावत नाही म्हणतात, पण कशाला जवळ जा.

आणि मावशी? तिला मी लहानपणापासून होडीतच बघत आलेय. उजेड फुटला की ती पहिली फेरी मारते. कुठल्या कोपऱ्यात पाणगवत वाढलंय, मासे आज खोल गेलेत की उन्हाला वर आलेत, हे ती बुडबुड्यांवरून सांगते. नवख्या गळवाल्याला ती पहिल्यांदा हात ओले करायला लावते. "कोरड्या हातानं मासा धरलात तर त्याच्या अंगावरचा चिकटा निघतो. मग सोडलात तरी आजारी पडतो बिचारा. तुम्हाला कुणी असं खरवडून घरी पाठवलं तर?" वल्ह्याच्या दांड्यावर तिनं चाकूनं एक खाच केलीय. मासा त्या खाचेपेक्षा आखूड भरला की परत पाण्यात. मग तो कुणाच्याही गळाला लागलेला असो. एकदा हेडसरांच्या कानाच्या पाळीत त्यांचाच गळ अडकला. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, गेली अठरा वर्षं दर उन्हाळ्यात तंबू क्रमांक चार. मावशीनं पक्कड आणली, गळाचा काटा कापला, गळ अलगद सोडवला आणि कान वल्ह्याला लावून बघितला.

"काय करताय, कप्तान?" हेडसर ओरडले.

"आखूड भरताय सर. सोडून देते."

बावीस वर्षांत तिनं अकरा माणसं बुडता बुडता वाचवली. होडी हलवून हलवून उलटवणारे, पाटी न वाचणारे, एकदा तर धक्क्यावर फोटो काढता काढता मागे सरकत गेलेला एक नवरदेव. तिची पद्धत ठरलेली. "आधी वल्हं पुढे करायचं. पोचलं नाही तर दोर फेकायचा. दोर नाही पोचला तर होडी न्यायची. आपण स्वतः उडी मारायची नाही. बुडणारा माणूस मिठी मारतो, आणि ती मिठी सुटत नसते." तिचं हे बोलणं ऐकून पोहण्यातले जाणकारसुद्धा माना डोलवायचे.

ह्या वर्षीच्या हंगामाच्या तोंडावर खात्याचं पत्र आलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि तिच्यासमोर ठेवलं. होड्या देणाऱ्या प्रत्येक राखणदाराला पोहण्याची चाचणी द्यावी लागेल. पन्नास मीटर, कुठल्याही पद्धतीनं, कशालाही न धरता, मध्ये उभं न राहता. परीक्षक तळ्यावरच येतील. महिनाअखेरपर्यंत जो पास होणार नाही, त्याच्या जागी पास झालेला माणूस नेमण्यात येईल.

मी तेव्हा नुकतीच मदतीला वर आले होते. म्हटलं, "मग त्यात काय एवढं? पन्नास मीटर तर तू…"

काका केबिनच्या बाहेर गेले. मावशी चहाची भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती.

"मावशी?"

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"पोहायला गं. काय काय! पोहायला येत नाही मला."

मी हसले. ती हसली नाही, तेव्हा मी थांबले.

"आल्या आल्या आधीच्या राखणदारानं विचारलं होतं, होडी वल्हवता येते का? मी म्हटलं येते. त्यानं पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही." तिनं भांडं पालथं घातलं. "मी पाण्यावर राहते पोरी, पाण्यात नाही. दर वेळी कुणी पडलं की मी मनात म्हणायची, वल्हं पोचू दे, दोर पोचू दे. कारण त्याच्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं."

अकरा वेळा.

नोकरी गेली तर केबिनही जाणार होती. पण तिच्या तोंडी केबिनचं नाव एकदाही आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "दुसरा कुणी आला तर त्या गवताचं त्याला काय कळणार? पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी अडकवेल." मग हात पुसून माझ्याकडे वळली. "तू शहरातल्या त्या तलावात शिकलीस ना? शिकव मला. तीन आठवडे आहेत."

शिकवणी सुरू झाली ती होड्यांच्या शेडमागे, उथळ कोपऱ्यात. तंबूंमधून दिसू नये म्हणून भल्या सकाळी. पाणी असं गार की पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींना फक्त शिव्या देत होतो. ती वयानं मोठी, म्हणून तिच्या जास्त.

पोटावर झोपवलं की तिची मान ताठ. तोंड पाण्यात घाल म्हटलं की डोळे, ओठ, मुठी, सगळं गच्च बंद. चार हात मारले की तळाचा दगड शोधायला पाय खाली. पाचव्या दिवशी तिनं भरपूर पाणी गिळलं आणि खोकत काठावर आली, तर काठावर हेडसर! गळाची काठी खांद्यावर, डब्यात गांडुळं. पहाटे ह्या कोपऱ्यात मासे मिळतात हे त्यांना तिनंच सांगितलं होतं.

मावशी गळ्यापर्यंत पाण्यात बसली. हेडसरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा उलगडा झाल्यासारखी मान हलवली.

"तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात," ते म्हणाले. "पण कप्तान, एवढं चाखायचं नसतं."

मावशी हसता हसता पुन्हा खोकली. त्या दिवसापासून हेडसर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. स्वतः घोट्याच्या वर कधी भिजले नाहीत, पण काठावरून सूचना अखंड. "कोपर! कोपर!" "श्वास कुठे गेला?" "ही काय पोळी लाटताय का?" धक्क्यापासून पिवळ्या पिंपापर्यंतचं अंतरही त्यांनीच दोरीनं मोजलं. होड्यांनी ह्याच्या पलीकडे जायचं नाही म्हणून तळ्यात जे पिंप नांगरलेलं आहे ते. बरोबर पन्नास मीटर भरलं.

काका एकदाही आले नाहीत. त्या वेळेला ते केबिनच्या पलीकडे लाकडं फोडत असायचे. इतकी लाकडं दोन हिवाळ्यांतही जळली नसती.

नवव्या दिवशी मी हरले. "तुला पुढे बघून जमतच नाही!" मी चिडून म्हटलं.

ती पाण्यात उभी होती. ओठ निळे. हळूच म्हणाली, "पुढे बघून कुठं गेलेय मी कधी?"

"म्हणजे?"

"वल्हवताना पाठ पुढे असते गं. जायचंय तिकडे पाठ, सोडून आलो तिकडे तोंड." तिनं काठाकडे बोट केलं. "आणि सरळ कशी जाते मी? ते धुराडं, आणि त्याच्यामागे टेकाडावर ते वठलेलं झाड. दोन्ही एका रेषेत धरायची. झाड धुराड्याच्या डावीउजवीला सरकलं की समजायचं आपण वाकडे चाललोय. पिंपापर्यंत मान न वळवता जाते मी."

मी तिला उताणी झोपवलं. तिनं आकाश बघितलं, मग हनुवटी जराशी छातीकडे घेतली, धुराडं शोधलं, झाड शोधलं. आणि दोन्ही हात एकदम मागे नेऊन वल्ह्यांसारखे ओढले.

ती गेली! खरंच गेली. अशी की मला पाण्यातून चालत तिला गाठता येईना.

"अहो कप्तान!" हेडसरांची काठी हातातून पडली. "ही कुठली पद्धत?"

कान पाण्यात असल्यामुळे तिला काहीच ऐकू गेलं नाही. तिचे ओठ हलत होते. वल्हवतानाही ती अशीच मोजते, एक-दोन, एक-दोन.

पुढच्या आठवड्यात ती खोल पाण्यात उतरली. मी शेजारून होडी चालवायची, ती धक्क्यापासून निघायची. आधी वीस मीटर, मग तीस, मग पिंप. एकदाच घोटाळा झाला. धुकं आलं, झाड पुसलं गेलं, आणि झाड दिसेना तशी ती सैरभैर झाली, हातपाय झाडायला लागली, होडीची कड धरून लटकली. वर घेतल्यावर तिनं आधी केस पिळले. मग म्हणाली, "परीक्षा दुपारची मागून घेऊ. दुपारी धुकं नसतं."

चाचणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचा दाखला आणायला आम्ही दोघी खाली गेलो आणि रात्री माझ्या घरी राहिलो. आईनं बहिणीला दहादा बजावलं, नको गं ह्या वयात. मावशीनं दहादा हो हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं वर आलो, तर काका गेटवरच उभे. आंघोळ केलेले, भांग पाडलेला, हातावर ओरखडे, चेहरा नुसता फुललेला.

"बघ," ते म्हणाले आणि टेकाडाकडे हात केला.

टेकाडावर आभाळ होतं. झाड नव्हतं.

"तीन वर्षं मागे लागली होतीस ना? पाडा पाडा, नऊ नंबरच्या तंबूवर पडेल म्हणून? काल पाडलं! तंबूंतल्या चार माणसांना हाताशी घेतलं, दोर लावले, एक फांदीसुद्धा कुठं लागली नाही. म्हटलं परीक्षा देऊन येशील, तर तुझ्या मनातली एक तरी काळजी…" ते थांबले. "काय झालं? बरं नाही केलं का?"

मावशी पिशवीवर बसली. पिशवी जमिनीवर होती, ती पिशवीवर.

"दोन आठवडे तू त्या झाडाचं नाव नाही काढलंस," काका कासावीस होऊन म्हणाले. "मला वाटलं, कंटाळली. आता बोलायचीसुद्धा नाही."

ह्यात चूक कुणाची? काका कधी होडीत बसले नाहीत, म्हणून पाण्यातून झाड कशाला लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. होडीत मान वळवून बघता येतं, म्हणून मावशी खुशाल पाडा म्हणायची; पोहायला लागल्यावर झाडावाचून अडलं, तरी तिनं ते सांगितलं नाही, कारण झाड जमिनीवर, जमीन त्यांची. दोघं आपापल्या हद्दीत बावीस वर्षं इतके चोख वागले होते की मधली एक रेषा कुणीच कुणाला दाखवली नव्हती.

मी काकांना सांगितलं. सांगत गेले तसे त्यांचे हात हळूहळू मागे गेले, ओरखडे लपवायला.

परीक्षक बाई दुपारी आल्या. वयानं माझ्याएवढ्या, गळ्यात शिट्टी, बोलायला नेमक्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तुम्ही म्हणत असाल तर पुढची तारीख घ्या. दीड महिन्यानं मी परत येणार आहे."

"आणि माझी जागा?"

बाईंनी कागद चाळले. "ती महिनाअखेरीलाच भरतील. ते माझ्या हातात नाही."

"एखादा बांबू रोवू या," हेडसर म्हणाले.

"तेवढा उंच आहे कुठे?" काका म्हणाले.

सगळे एकदम बोलायला लागले. मावशी उठली, टेकाडाकडे एक नजर टाकली, मग काकांकडे वळली.

"अहो. झाड पाडलंत ना तुम्ही?"

"हो गं. चुकलं माझं."

"ते राहू द्या. खोड किती ठेवलंय?"

"कमरेएवढं."

"मग त्याच्यावर चढा. तो नारिंगी तंबूचा कपडा घ्या, दोन हातांनी डोक्यावर धरा, आणि झाड व्हा."

"मी?"

"झाडाला विचारलं होतं का, की मी? चला. आणि हलायचं नाही."

काकांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे मला… बघावं लागेल."

"बघावंच लागेल," मावशी म्हणाली. "डोळे मिटून सरळ उभं राहता येत नाही माणसाला."

काका टेकाड चढायला लागले. मी होडी काढली, परीक्षक बाई पुढे बसल्या. धक्क्यावर हेडसर, आणि आता तंबूंमधलेही पंधरा-वीस जण. मावशी जुना सलवार-कुडता घालून, केस गच्च बांधून धक्क्याच्या शिडीवरून खाली उतरली. ज्या बाईनं आपल्याला पाय बुडवू दिला नाही ती आख्खी पाण्यात उतरतेय, हे बघून एक पोरगी मोठ्यांदा म्हणाली, "आई, ह्यांना पाटी दाखव ना!"

टेकाडावर नारिंगी ठिपका वर गेला. मावशीनं तो धुराड्यावर धरला. शिट्टी वाजली.

पहिले वीस मीटर सुंदर. एक-दोन, एक-दोन. परीक्षक बाई कागदावर टिपायचं विसरल्या. तिसाच्या आसपास वाऱ्याची झुळूक आली. आमच्यापर्यंत नुसती गार वाटली, पण वर टेकाडावर तिनं तो कपडा शिडासारखा फुगवला आणि काकांना ओढून खोडावरून खाली उतरवलं. ठिपका एका बाजूला सरकला, आणि त्याला धुराड्याच्या रेषेत धरायला मावशी इमानेइतबारे दुसऱ्या बाजूला वळली. गवताकडे.

"सरळ! कप्तान, सरळ!" हेडसर धक्क्यावर नाचत होते. आख्खा धक्का ओरडत होता. तिचे कान पाण्याखाली. मी तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. "होडीतून खूण करायची नाही."

गवताची पहिली पाती तिच्या हाताला लागली. मला दिसलं, तिची बोटं आखडली. तिला ते गवत माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिथे आल्यावर वल्हं कसं अडकतं, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. धुक्याच्या दिवशीसारखी ती आता होडीची कड धरणार, असं मला वाटलं.

तिनं धरली नाही. तिनं हात मारणं थांबवलं आणि नुसती तरंगत राहिली, नजर टेकाडावर. वाट बघत होती. झाड चुकलंय हे तिला कळलं होतं, आणि ते परत जागेवर येणार ह्याची तिला खात्री होती. मला तिथे, होडीत, एवढी खात्री कशाचीच नव्हती.

वर नारिंगी कपडा चुरगळला, नाहीसा झाला. मग खोडावर एक माणूस चढला. कपडा नव्हताच आता. नुसते दोन हात वर केलेले काका. त्यांनी अंगातला पांढरा शर्ट काढून मुठीत धरला होता.

मावशीनं ते हात धुराड्यावर घेतले. पाय हलवून गवतातून बाहेर आली. एक-दोन. एक-दोन. मी तिच्याबरोबर मोजायला लागले, आणि माझ्या पुढ्यात बसलेल्या परीक्षक बाईसुद्धा ओठांतल्या ओठांत मोजत होत्या.

पिंपावर डोकं आपटलं तेव्हा ठण्ण झालं.

"कोण आहे?" मावशी ओरडली.

"पिंप आहे, मावशी!" परीक्षक बाई होडीतून जवळजवळ बाहेर पडल्या. "पिंप! झालं! पास!"

"मग इतकं जोरात कशाला सांगताय? आता ऐकू येतंय मला."

धक्क्यावर टाळ्या, शिट्ट्या. हेडसर चष्मा पुसत होते. बाईंनी कागदावर सही केली आणि रकाना दाखवून विचारलं, "पद्धत काय लिहू?"

"वल्ह्यांची लिहा," मावशी म्हणाली. तिचे दात वाजत होते.

बाईंनी तसंच लिहिलं.

कुणीतरी तिच्या अंगावर घोंगडी टाकली. तंबूतल्या बायकांनी तिला गराडा घातला. एकीनं चहा आणला. मावशी मात्र मान उंच करून टेकाडाकडे बघत होती.

"अहो! उतरा आता!"

काका तसेच. हात वर, उघडे, वाऱ्यात.

"झालं म्हटलं! पास झाले!"

"कळलं!" वरून आवाज आला, जरा फाटलेला. "पण पाय हलत नाहीयेत माझे."

मावशीनं चहाचा कप माझ्या हातात दिला. घोंगडी सावरत, ओल्या पावलांनी, वाटेत दोघाचौघांना बाजूला सारत ती टेकाड चढून गेली. खोडापाशी उभी राहिली आणि हात वर केला.

"द्या हात. हळू. मी आहे."

काका उतरले. शर्ट अजून मुठीतच होता. तिनं तो सोडवून त्यांच्या खांद्यावर टाकला, बाजूला आडव्या पडलेल्या झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता ह्याच्या फोडी करा आणि चूल पेटवा. मी गारठलेय."